तापमानवाढीची चाचणी

मकरपुऱ्याच्या शेडमध्ये सतरा वर्षं
मी ट्रान्सफॉर्मर तापवून पाहिले.
पूर्ण भार, बारा तास, कधी रात्रभर,
दर अर्ध्या तासाला वहीत आकडे:
तेल इतकं, वाइंडिंग इतकं, बाहेरची हवा इतकी.

आत तांब्याभोवती तपकिरी कागद गुंडाळलेला असतो.
सगळं आयुष्य त्या कागदाचं.
लोखंड टिकतं, तांबं टिकतं,
तेल गाळून पुन्हा भरता येतं.
कागद एकदा करपला की करपला.
सहा अंश जास्त चढले, तर त्याचं वय निम्मं
हे मी नव्या पोरांना शिकवायचे
आणि तेराव्या तासाला, चहा तसाच ठेवून,
पुढच्या टाकीकडे वळायचे.

कळलं ते एका मंगळवारी
सुसेन सर्कलच्या सिग्नलला.
हिरवा झाला. लाल. पुन्हा हिरवा.
मागचा रिक्षावाला उतरून आला, काच वाजवली,
"बेन, तबियत तो सारी छे ने?"
तबियत बरी होती.
फक्त क्लचवरचा पाय उचलावा
असं एकही कारण सापडत नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. सगळं हद्दीत.
हद्दीत.
हा शब्द मीच हजार रिपोर्टांवर लिहिला होता.

राजीनामा त्या रात्री लिहिला नाही,
कुणाच्या टेबलावर काही भिरकावलं नाही.
वही काढली, चाचणीचीच, मागची कोरी पानं:
घराचा हप्ता, केतकीची फी,
सासऱ्यांचा मोतीबिंदू, तूरडाळ,
आणि तळाशी एक ओळ, मी नेमकी कशाने दमते?
कामाने? नाही, काम आवडायचं.
रात्री अकराच्या "जरा बघून घ्या ना" ने.
तापलेलं असताना थंड लिहा
असं न बोलता सांगणाऱ्या त्या गोड हसण्याने.

मग दर शनिवारी दांडिया बाजारात,
जशुभाईंच्या बाइंडिंगच्या गाळ्यात.
कोर्टाची दप्तरं, हजेरीपुस्तकं,
कुणाची तरी सुटी झालेली पोथी.
पहिला महिनाभर नुसती खळ शिजवली.
दुसऱ्या महिन्यात सुई मिळाली.
"उतावळ शेनी?" म्हणत ते माझी शिवण उसवायचे
आणि मला राग यायचा नाही,
याचंच मला नवल.

नवरा म्हणाला, शनिवारपुरतं ठीक आहे.
आई फोनवर, इंजिनिअर झालीस ती खळ ढवळायला?
दोघंही आपापल्या जागी बरोबर होते.
अठरा महिन्यांचा खर्च बाजूला पडेपर्यंत
मी रोज शेडमध्ये गेले.
सगळ्यांत जड तेच दिवस,
सोडायचं ठरलेलं आणि सकाळी कार्ड पंच करायचं.
अकरानंतर फोन पालथा ठेवू लागले, एवढंच.
आभाळ कोसळलं नाही.
एक टाकी जामनगरला दोन दिवस उशिरा पोचली, बस.

आता एप्रिल संपत आला की
शाळांच्या रजिस्टरांचा ढीग माळ्याला टेकतो.
पाठ दुखते. पैसे निम्म्याहून कमी.
काल चिडून कात्री आपटली.
जशुभाई बोलले नाहीत,
उठून पंखा एकाने वाढवला.
म्हणजे ताप इथेही चढतो.
पण इथे कागद उघडा असतो, हाताखाली,
आणि करपायच्या आधी त्याचा वास येतो.

धर्मिष्ठाने शेडमधून एक रोल पाठवला,
कडा फाटल्या म्हणून बाद झालेला,
तांब्याला कधीच न लागलेला तपकिरी कागद.
त्याची एक वही बांधली मी,
कुठल्याच मापाची नाही, एका कोपऱ्याला जरा तिरकी.
अजून कोरी आहे.
दर अर्ध्या तासाला
तिच्यात लिहायचं असं काही नाही.